काठ साफ करा, पण मुळं हलवू नका: सीनेकाठच्या झाडतोडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोहोळ तालुक्यात सीनेच्या उजव्या काठाला शेत, नदीला लागून साधारण 250 मीटर लांबी. सप्टेंबर 2025 च्या महापुरात काठ जागोजाग ढासळला, काही बाभळी आडव्या झाल्या. भावकीचं म्हणणं, जेसीबी लावून सगळी झाडं काढू, काठ सरळ करू, 15 गुंठे ऊस वाढेल आणि पुढच्या पुराला पाणी तुंबणार नाही. खालच्या डोहात जाळी टाकणारे भोई म्हणतात, झाडं गेली की मासा गेला. विचारणाऱ्यांना दोन्ही बाजू पटतात. मासा खरंच जातो का, आणि कोणती झाडं काढली तर चालतील, एवढं त्यांना हवंय.

आधी एक गोष्ट मान्य करतो. 250 मीटरची झाडं गेली म्हणून अख्ख्या सीनेतला मासा जात नाही. मासळी किती मिळणार हे बंधाऱ्यात पाणी किती महिने टिकतं, जोडकालव्यातून उजनीचं आवर्तन कधी सुटतं, वरून माशाचं बीज किती वाहून येतं, गावाचं सांडपाणी किती मिसळतं आणि जाळ्याचा आस, म्हणजे भोक, किती बारीक आहे, यावर जास्त ठरतं. पण एका डोहापुरतं बोलायचं तर भोई बरोबर बोलतायत. सीना उन्हाळ्यात नदी राहतच नाही, डोहांची आणि बंधाऱ्यांच्या पाण्याची माळ होते. अशा वेळी मासा जगतो तो त्या दोन-चारशे मीटरच्या पाण्यातच, आणि त्या पाण्याचा काठ कुणाच्या तरी शेताला लागून असतो. इथे तो तुमच्या.

आता मुद्द्याचं. झाड तोडल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या कितीतरी पट झाड मुळासकट उपटल्याने होतं. कुऱ्हाडीने किंवा करवतीने तोडलेला करंज पुन्हा फुटतो, जेसीबीच्या बकेटने उपटलेला करंज आपल्याबरोबर दोन-तीन घनमीटर काठ घेऊन जातो. त्यामुळे 'किती झाडं तोडू' यापेक्षा 'किती बुडखे जागेवर ठेवू' हा हिशेब आधी करा.

काठ का ढासळला ते समजून घेतलं तर हे पटेल. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पुरात दोन-तीन दिवस काठ पाण्यात राहतो, माती पाणी पिऊन जड होते. तोवर बाहेरून नदीच्या पाण्याचा आधार असतो म्हणून ती उभी राहते. पूर ओसरला की तो आधार एकदम जातो, पाणी मात्र मातीतच असतं. मग उन्हाळ्यात पडलेल्या भेगांच्या रेषेवर काठाची सरळ वडी सुटते. म्हणून काठ बहुतेक वेळा पूर चढताना पडत नाही, उतरताना पडतो. बंधाऱ्याची दारं एकदम काढली तरी हेच होतं, फक्त लहान प्रमाणात. या वडीला शिवून धरणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळं. करंज, उंबर, जांभूळ यांची मुळं भेगेच्या आरपार जातात. आणि यातली खरी मेख अशी की झाड तोडून बुडखा मेला तरी मुळं लगेच सुटत नाहीत, कुजायला तीन-चार वर्षं घेतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत काठ शाबूत दिसतो, लोक म्हणतात 'बघा, काही झालं नाही', आणि चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात काठ बसतो.

15 गुंठ्यांचा हिशेबही मांडून बघा. 250 मीटर लांबीवर 15 गुंठे म्हणजे 6 मीटर रुंदीची पट्टी. एकरी 40 टन ऊस धरला तर 15 टन. उलट बाजूने, काठ सरासरी 2 मीटर मागे सरकला तर 5 गुंठे गेले, आणि ते नव्याने मिळवलेल्या पट्टीतले नसून सातबाऱ्यावरचे. शिवाय नदीचं पात्र सरकारी मालकीचं असतं. माती ढकलून पात्रात वाढवलेली जमीन तुमच्या नावावर लागत नाही. मोजणी न करता जेसीबी लावणाऱ्यांना हे नंतर कळतं.

माशाचं गणित तीन गोष्टींवर चालतं: सावली, लपायची जागा आणि खाणं.

सावलीबद्दल लोक उगाच भारावून बोलतात. पंढरपूरजवळ भीमेचं पात्र इतकं रुंद आहे की काठच्या झाडाची सावली पाण्याच्या कडेपुरतीच. सीनेच्या 30-40 मीटरच्या डोहात मात्र तिला किंमत आहे, आणि तीही कोणत्या काठाची सावली यावर. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा कुठल्याच झाडाची सावली पाण्यात लांबवर पडत नाही. पाणी सगळ्यात जास्त तापतं ते दुपारी दोन ते पाच, आणि त्या वेळी सावली देतात ती पश्चिमेच्या काठावरची झाडं. तुमच्या भागात सीना ढोबळमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते, म्हणजे उजवा काठ हाच पश्चिमेचा. समोरच्या काठावाल्याने हा प्रश्न विचारला असता तर सावलीच्या बाबतीत मी इतका आग्रह धरला नसता.

पाणी तापल्याने नेमकं काय होतं? 25 अंशाच्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 35 अंशाला 7 च्याही खाली. हा फरक थोडा वाटतो, पण ऊन थेट पडलं की शेवाळ माजतं, आणि ते शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं. पहाटे पाचच्या सुमाराला पातळी तळाला जाते. 3 मिलिग्रॅमच्या खाली गेली की रोहू-कटला वर येऊन तोंड काढतात. मरळ हवेतून श्वास घेते, तिला फारसा फरक पडत नाही. चिलापीही पुष्कळ सोसते. काठ उघडा पडला की मासा संपत नाही, बदलतो. रोहू, शिंगाडा (मिशांचा मासा), वाम कमी होतात आणि चिलापी वाढते. त्यात चिलापी उथळ, उघड्या, गाळाच्या तळावर खळगे करून पिलावते, म्हणजे ढासळलेल्या काठाने तिचं घर आयतंच बांधून दिलेलं असतं. वजन काट्यावर तेवढंच भरतं, पैसे मात्र कमी येतात.

लपायची जागा हा माझ्या मते सगळ्यात मोठा भाग, आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. पाण्याच्या रेषेखाली काठ आतून पोखरलेला असतो आणि त्यात करंजाची, उंबराची तांबूस मुळं झाडूसारखी लोंबतात. एखाद्या मे महिन्यात पाणी उतरल्यावर अशा मुळांचा झुबका हातात घेऊन हलवून बघा. झिंगे, बोटभर मासोळ्या, गोगलगायींची अंडी, चतुराच्या अळ्या, सगळं त्यातून गळतं. वाम दिवसा तिथेच पडून असते. सायप्रिनससारखे मासे चिकट अंडी अशाच मुळांना आणि गवताला चिकटवतात. रोहू-कटल्याची अंडी पुराच्या वाहत्या पाण्यात तरंगत जातात, त्यांना मुळांची गरज नाही; पण बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, पहिल्या दोन महिन्यांत पाणकावळ्यापासून वाचायला आडोसा लागतोच.

इथेच फसगत होते. काठ साफ केला की पहिल्या वर्षी मासळी बऱ्याचदा वाढलेली दिसते. मासा वाढलेला नसतो, त्याला लपायला जागा उरलेली नसते. जाळं कुठे अडकत नाही, वडाप (ओढायचं मोठं जाळं) ओढायला काठ मोकळा होतो आणि मोठे मासे एका हंगामात उचलले जातात. त्यामुळे 'अमक्याने झाडं काढली, त्याच्या डोहात उलट जास्त मिळाला' या बोलण्यावर जाऊ नका. तिसऱ्या वर्षी काय मिळतं ते विचारा.

खाण्याचं थोडक्यात: पाला कुजून त्यावर किडे, किड्यांवर मासोळ्या, मासोळ्यांवर शिंगाडा आणि मरळ. उंबर-जांभूळ पाण्यात पडतं तेही खाल्लं जातं. करंजाच्या बियांनी मासा मरतो का, असं काही जण विचारतात. बिया कुटून किंवा पेंड पाण्यात टाकली तर मरतो, तो जुना वाईट प्रकार आहेच. झाडावरून आपोआप पडणाऱ्या शेंगांनी काही होत नाही, कवच लवकर फुटत नाही. झाडांच्या पट्टीचा आणखी एक उपयोग म्हणजे उसावरची, डाळिंबावरची फवारणी वाऱ्याने थेट पाण्यावर जात नाही. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं माशाला अगदी थोड्या मात्रेतही मारतात, आणि डोहातलं पाणी उन्हाळ्यात वाहून जात नाही.

आता पुराचं. भावकी म्हणते ते सगळंच खोटं नाही. पात्राच्या आत, म्हणजे उन्हाळ्यात पाणी आटल्यावर उघडी पडते त्या जागेत वाढलेली वेडी बाभूळ खरंच पाणी अडवते. एका बुडातून सात-आठ खोडं, जमिनीपासून फांद्या, त्यात जलपर्णी, उसाचं पाचट, प्लास्टिक अडकून भिंत तयार होते. ती तुटून खाली गेली की बंधाऱ्याच्या खांबांना अडकते. ही काढायलाच हवी. बेशरमाची झुडपंही काढा. पण काठाच्या उतारावरची एकखोडी झाडं वेगळं काम करतात: काठालगतच्या पाण्याचा वेग कमी करतात, म्हणजे कापण्याची ताकद कमी होते. त्यांनी पाण्याची पातळी थोडी चढते हे खरं, पण ती झाडं नसतील तर तेच पाणी तुमचा काठ कापत जातं.

माझी विभागणी साधारण अशी असते. काठाचे तीन पट्टे मनात धरा: पात्र, उतार, माथा.

पात्रातलं सगळं वेडं झुडूप काढा, मशीन लागलं तर इथेच लावा, तेही काठाच्या पायथ्यापासून 3 मीटर सोडून. आडव्या पडलेल्या बाभळींपैकी ज्या प्रवाहाला आडव्या आहेत त्या उचला. ज्या काठाला समांतर पडल्यात आणि गाळात रुतल्यात त्या राहू द्या, त्या आता काठाचा पायथा सांभाळतायत.

उतारावर मशीन अजिबात नको. करंज, उंबर, जांभूळ, निर्गुडी, वाळुंज, शिंदी ठेवायचं. ज्या झाडाखालून काठ पोखरला गेलाय, एक तृतीयांश मुळं उघडी पडलीत आणि झाड पाण्याकडे बरंच कललंय, ते वाऱ्यात स्वतः पडेल आणि काठही पाडेल. त्याचं खोड जमिनीपासून दोन-तीन फुटांवर कापा, बुडखा तसाच ठेवा. ओझं गेलं, मुळं राहिली. करंज, जांभूळ, उंबर यांना धुमारे चांगले फुटतात. बाभळीला तोडल्यावर नीट फूट येत नाही, म्हणून साधी बाभूळ तोडताना ती मेली असंच समजून शेजारी दुसरं झाड आधी लावा. वेडी बाभूळ उतारावर असेल तर खणू नका. वर्षातून दोनदा फूट कापत राहा आणि तिच्या आसपास करंज वाढू द्या, सावलीत ती मागे पडते. माथ्यावरच्या सपाट जागेत मात्र ती जमिनीखाली वीतभर ते फूटभर खणून काढा, कारण फूट तिथूनच येते. वरवर कापाल तर दिवाळीपर्यंत दुप्पट.

एका वर्षात काठाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त लांबीला हात लावू नका, आणि तोही सलग नको. 20-25 मीटरचा तुकडा, मग तेवढाच किंवा जास्त सोडून पुढचा. डोहाच्या सगळ्यात खोल भागासमोरचा तुकडा शेवटच्या वर्षाला ठेवा. तोवर पहिल्या तुकड्यावरचे धुमारे डोक्याएवढे उंच झालेले असतात.

वेळ: पाऊस संपल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. सुगरणीचा हंगाम उरकलेला असतो, रातबगळे-गायबगळ्यांची पावसाळी घरटी रिकामी झालेली असतात, आणि खंड्या-वेडा राघू काठात बिळं करायला अजून लागलेले नसतात. त्यांचं काम फेब्रुवारीपासून चालतं. तरी ढोलीतल्या घुबड-पिंगळ्याचा हंगाम हिवाळ्यातच असतो, म्हणून ढोली असलेलं झाड आधी बघून घ्या: बुडाशी पांढरी विष्ठा आणि उंदराच्या हाडांचे गोळे पडलेले दिसले तर ते सोडा. काटेरी बाभूळ निरुपयोगी समजून आधी तोडली जाते, पण पाण्यावर झुकलेल्या बाभळीवरच सुगरण घरटी बांधते, कारण साप-मुंगसाला तिथे जाता येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या भादलवाडीच्या तलावात चित्रबलाकांची वसाहत बाभळींवरच आहे. अशी घरटी-अंडी नष्ट करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही ध्यानात ठेवा.

एक उलटी गोष्ट. उभा, उघडा, मातीचा कडा दिसला की तो तिरपा करून टाकायचा मोह होतो. वेडा राघू आणि खंड्या बिळं करतात ती अशाच कड्यात. तो कडा दरवर्षी सरकत नसेल तर 10-15 मीटर तसाच ठेवा. पाण्याच्या रेषेशी मुळांखाली मोठी पोकळी, जवळच्या खडकावर खवले-हाडांनी भरलेली उग्र वासाची विष्ठा, असं दिसलं तर ते पाणमांजर असू शकतं. तिथलं काम थांबवून वनखात्याला कळवा. आणि बिबट्याच्या भीतीने काठ साफ करणाऱ्यांसाठी: बिबट्या उसात राहतो, आणि काठ काढून तुम्ही ऊसच वाढवणार आहात. रानडुकराला वेड्या बाभळीची जाळी आवडते हे मात्र खरं, ती काढल्याचा फायदा होईल.

तोडलेल्या फांद्यांचं काय करायचं हे कुणी विचारत नाही आणि तिथेच घोटाळा होतो. हिरवा पाला डोहात ढकलला की तो कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढतो, पाणी चहासारखं काळपट होतं आणि आठवडाभरात मासे उलटे तरंगतात. फांद्या काठावर महिनाभर वाळू द्या, पाला झडू द्या. मग बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या माणसाच्या उंचीच्या मोळ्या बांधा, प्रत्येकीला 30-40 किलो दगडाचं पोतं अडकवा आणि खोल पाण्यात 8-10 मीटर अंतराने पाच-सहा मोळ्या सोडा. तोडलेल्या मुळांच्या बदल्यात एवढा आडोसा तात्पुरता पुरतो, आणि काट्यात वडाप ओढता येत नाही. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हपासून दूर ठेवा. मेअखेर पाणी खाली गेलं की काढून घ्या, नाहीतर पहिल्या पुरात त्या बंधाऱ्यावर जाऊन बसतील. कुठे सोडायच्या ते भोयांना विचारूनच ठरवा. त्यांचं टांगतं जाळं फाटलं तर आयुष्यभराचं वैर.

लावायचं असेल तर पायथ्याला वाळा, 15 सेंटिमीटरवर एक ठोंब, काठाला समांतर दोन ओळी. 250 मीटरला सुमारे 3,300 ठोंब लागतील, म्हणून आधी फक्त ढासळलेल्या तुकड्यांवर लावा. मधे निर्गुडीची अंगठ्याएवढी जाड, दोन-अडीच फुटी कलमं, दोन भाग जमिनीत, एक भाग वर. माथ्याच्या आतल्या बाजूला करंजाच्या दोन ओळी, 3 मीटर अंतर, एकमेकींना चुकवून. 165-170 रोपं झाली. जून-जुलैत लावलेलं रोप सप्टेंबरच्या पुरात वाहून जातं, म्हणून उतारावरची लागवड पूर ओसरल्यावर ओल असताना करा आणि पहिले दोन उन्हाळे ठिबकची एक नळी तिकडे वळवा. बांबूचा आग्रह अनेक जण धरतात. माथ्यावर ठीक, पण पोखरलेल्या उभ्या काठावर नको: मुळं दाट पण वरवरची, अख्खं बेट मातीसकट खाली येतं.

कागदाचं: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या अनुसूचीत चिंच, आंबा आणि जांभूळ आहेत, त्यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बाभूळ, करंज त्या यादीत नाहीत, तरी लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. पात्रातलं झाड तुमचं नाही, ते काढायला महसूल आणि जलसंपदा विभागाला अर्ज द्या, सोबत पुराच्या पंचनाम्याची प्रत जोडा. क्रम असा ठेवा: मोजणी, मग चुन्याने हद्द, मग झाडांवर खुणा, आणि जेसीबीवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवा. तो तासावर पैसे घेतो, त्याला खुणा पाळायची घाई नसते, म्हणून एक माणूस पूर्ण वेळ बकेटपाशी उभा करा.

मासा जातो की राहतो हे तुम्हालाच मोजता येईल. एका भोयाशी ठरवून महिन्यातून दोन रात्री तेच जाळं, तीच जागा, आणि जातवार वजन वहीत. दुपारी तीनला फूटभर खोलीवरचं तापमान, पहाटे साडेपाचला मासे तोंड काढतात का, एवढंच लिहा. तोडीच्या आधीचं निदान एक वर्ष हवं, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

काठाची उंची किती, ढासळलेले तुकडे नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहेत की आतल्या, आणि खालचा बंधारा किती अंतरावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाहेरच्या अंगाला असतील तर नुसत्या झाडांनी भागणार नाही, पायथ्याला दगडाची पिचिंग (दगडी अस्तर) लागेल, आणि मग खुणा करण्याचा सगळा क्रम बदलतो.